ज्याच्याकडून कापणं सोपं, भार त्याच्यावरच

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एकाने विचारलंय की पगारातून दर महिन्याला प्रोफेशनल टॅक्स जातो, पेट्रोलवर एवढा कर आहे, आणि तो पैसा सरकार लाडकी बहीण आणि शेतीपंपांच्या मोफत विजेत घालतं. जे कर भरतच नाहीत त्यांचा खर्च आम्ही का उचलायचा? सगळ्या योजना बंद करून रस्ते का बांधत नाहीत?

तुमचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय असं मला वाटतं.

आधी कर भरतं कोण ते बघू. आयकर केंद्राकडे जातो. तुमच्या पगारातून राज्य थेट घेतं तो व्यवसाय कर, म्हणजेच प्रोफेशनल टॅक्स: महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. राज्याची मोठी कमाई जीएसटी, पेट्रोल-डिझेल, दारू आणि मुद्रांक शुल्क यांतून येते. तासगावात द्राक्षबागेत रोजाने जाणारी बाई 299 रुपयांचा रिचार्ज मारते, त्यात 45 रुपयांच्या आसपास जीएसटी असतो आणि त्यातला निम्मा राज्याचा. तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलमधल्या पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे लागतात. तुमच्या गाडीलाही तेवढेच. तेव्हा ‘ते भरत नाहीत’ हे म्हणणं सोडून द्या. मिळकतीच्या मानाने पाहिलं तर ती तुमच्यापेक्षा जास्तच भरत असेल.

आता तो 200 रुपयांचा कर आला कुठून? त्याचं मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग आधी तिथे झाला, 1972 च्या दुष्काळात त्याचा राज्यभर विस्तार झाला. त्या रोजगार हमीला पैसा हवा म्हणून 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदारावर हा कर, मोटार वाहनांवर जादा कर, बागायत जमिनीवर वेगळी आकारणी, आणि जेवढं गोळा होईल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असं ठरलं. शहरातल्या पगारदाराने आणि पाणी असलेल्या शेतकऱ्याने कोरडवाहू गावच्या मजुराचा भार उचलायचा, हे उघड सांगून केलेलं होतं. काम कोणतं आणि भरणार कोण, दोन्ही एकाच वेळी ठरलं. मला महाराष्ट्राचा त्याबद्दल आजही अभिमान वाटतो.

पण पुढे काय झालं? या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे. पूर्वी ती वर्षाला 250 रुपये होती, 1988 च्या दुरुस्तीने 2,500 झाली आणि तिथेच थांबली. आज महिन्याला वीस हजार मिळवणारा ऑपरेटर आणि वीस लाख मिळवणारा कंपनीचा संचालक सारखेच 2,500 भरतात. राग धरायचा तर याचा धरा.

कर कोणाकडून वसूल होतो ते मी जवळून पाहिलंय. मी नोकरीची सगळी वर्षं एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात काढली, ऊसबिलं काढायचं काम. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांचं पाणी कृष्णेतून मोठमोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळावर नेतात. वीजबिल प्रचंड. ते थकलं की पंप बंद, आणि मग टंचाई निधीतून बिल भरा म्हणून मोर्चे. शेवटी 81 टक्के बिल सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी सोसायचं असं सूत्र ठरलं. मला हे सूत्र न्याय्य वाटतं. दुष्काळी माळाला पाणी देणं राज्याचं कर्तव्य आहे, आणि पाणी घेणाऱ्यानेही काहीतरी भरलंच पाहिजे.

अडचण आली ती वसुलीत. पाणीपट्टी ऊसबिलातून कापली जायची. पावतीवर सोसायटीचं कर्ज, पाणीपट्टी असे कपातीचे रकाने असतात. शेतकरी खिडकीशी येऊन पाणीपट्टीच्या रकान्यावर बोट ठेवायचा: “साहेब, माझ्या शेजारच्यानं ह्याच पाटाचं पाणी द्राक्षाला घेतलं. त्याचं कोण कापतंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण द्राक्षं बागेतूनच व्यापारी घेऊन जातो, तिथे कपात करायला कारखाना नाही. एकाच पाण्यावर ऊसवाला भरायचा आणि द्राक्षवाला सुटायचा.

तुमची गत त्या ऊसवाल्यासारखीच आहे. पगार हातात येण्याआधी कपात होते, म्हणून तुम्ही सापडता. पेट्रोल पंपावर कोणी पळून जाऊ शकत नाही, म्हणून 2015 च्या दुष्काळात राज्याने लिटरमागे 2 रुपयांचा अधिभार तिथेच लावला. ऐपत कोणाची आणि फायदा कोणाला, हे बघून कर बसत नाही, हात कुठे पोचतो ते बघून बसतो. खरी तक्रार ही आहे, आणि ती तुम्ही आणि ती द्राक्षबागेतली बाई मिळून करू शकता.

मोफत विजेबाबत मी तुमच्या बाजूचा आहे. एप्रिल 2024 पासून पाच वर्षं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल माफ. निकष पंपाचा, उत्पन्नाचा नाही. विहिरीला पाणी आहे, बाग आहे, त्याला शून्य बिल. जतच्या ज्या शेतकऱ्याकडे विहीर नाही, पंप नाही, त्याला यातून दमडी मिळत नाही. आणि त्याच्या शेताला म्हैसाळचं पाणी आलं तर त्याने 19 टक्क्यांतला वाटा भरायचा! हे उफराटं आहे. शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार घटनेने राज्याला दिलाय, पण मोठ्या बागायतदाराच्या वाटेला कोणताच पक्ष जात नाही.

लाडकी बहीणचं मात्र मी समर्थन करतो. महिन्याला 1,500 रुपये थेट बाईच्या खात्यात येतात, मधे कोणी नाही, आणि गावच्या दुकानातली तिची उधारी त्यातून फिटते. पण ज्या पद्धतीने ती आणली त्याला माझा विरोध आहे. जून 2024 च्या अर्थसंकल्पात घोषणा, लगेच जुलैत 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी), त्यांत या योजनेचे 25,000 कोटी. पैसे आधी वाटले, अपात्रांची छाननी निवडणुकीनंतर. 2025-26 च्या अर्थसंकल्पात योजनेला 36,000 कोटी ठेवले आणि महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला कमी पडणारी कमाई, दाखवली 45,891 कोटींची. पागेंच्या वेळी भरणारा आधी ठरला होता, इथे तो ठरवलाच नाही. म्हणजे उद्याची पोरं भरणार.

आणि रस्त्यांचं म्हणाल तर नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गही कर्ज काढूनच उभा राहायचाय, 2025 च्या अंदाजाप्रमाणे 802 किलोमीटर, 86,300 कोटी. रस्ता म्हटला की खर्च आपोआप शहाणपणाचा होत नाही.

तेव्हा योजना बंद करा म्हणण्यापेक्षा पुढच्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराकडे तीन गोष्टी मागा. नव्या योजनेच्या घोषणेबरोबरच तिचा पैसा कोणत्या करातून येणार ते सभागृहात सांगा. मोफत विजेला उत्पन्नाची अट घाला. आणि म्हैसाळच्या पाण्याचं आवर्तन (पाळी) सुटण्याआधी पाणी घेणाऱ्या प्रत्येकाची 19 टक्क्यांची आकारणी गावच्या चावडीवर लावा, त्यात द्राक्षबागायतदारांची नावंही असू द्या.