अपघातानंतर दुसऱ्या गाडीवर बसायचंय पण कोर्टात केस चालू आहे, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या उसगावच्या बाजूचे एक ड्रायव्हर, १४ वर्षं टिपर आणि दहाचाकीवर काढली. चार महिन्यांपूर्वी एका वळणावर स्कूटरवाल्या मुलाला धक्का लागला, मुलाचा पाय मोडला. हे पळाले नाहीत, १०८ ला फोन केला, पोलीस येईपर्यंत तिथेच थांबले. गुन्हा नोंद झाला, लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं, मालकाने कामावरून काढलं आणि गाडीच्या खर्चापोटी दोन महिन्यांचा पगारही अडवला. आता दुसरीकडे कामाला गेलं की केसचं नाव काढताच मालक नको म्हणतो. गावातला एकजण सांगतोय की पहिल्या तारखेलाच गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. तर तसं करू का, आणि नवीन मालकाला केस आहे हे सांगू की गप्प बसू, असं ते विचारतात.

भाऊ, पहिलं म्हणजे तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरकडून हेच मागतं, जखमीला दवाखान्यात पोचवा आणि पोलिसांना कळवा. तुम्ही लिहिलंय की १० वर्षं आत जाईन म्हणून रात्री झोप लागत नाही. ती १० वर्षांची तरतूद म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १०६(२), ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी देशभर गाड्या उभ्या केल्या होत्या, ती माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता पळून गेला तरच्या प्रकाराची आहे, आणि १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. तुमच्या केसमध्ये मुलगा जिवंत आहे आणि तुम्ही पळाला नाहीत, त्यामुळे ते डोक्यातून काढून टाका. तुमच्यावर साधारण २८१ म्हणजे बेदरकार गाडी चालवणं आणि १२५(ब) म्हणजे गंभीर दुखापत लागलेलं असणार. १२५(ब) ला ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हलकं नाही, पण जन्माचं वाटोळं होईल असंही नाही.

आता त्या कबुलीबद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच आहे. मी रोज बघतो कोर्टात, नाव पुकारलं जातं, माणूस चपला सावरत पुढे जातो, आरोप वाचून दाखवतात, कबूल आहे का विचारतात आणि तो हात जोडून होय साहेब म्हणतो, तीन मिनिटांत सगळं आटपतं, बाहेर येऊन चहा पितो की सुटलो बाबा. पण तो सुटलेला नसतो, त्याच्या नावावर दोषसिद्धी, म्हणजे गुन्हा सिद्ध झाल्याची नोंद, लागलेली असते. आरोपात मोटार वाहन कायद्याचं १८४, म्हणजे धोकादायक गाडी चालवणं, हेही असेल तर एफआयआरची कॉपी काढून ते आधी बघा. कारण १८४ खाली एकदा दोषी ठरलेल्या ड्रायव्हरच्या हातून पुढे कधी धोकादायक ड्रायव्हिंगने कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं अशी केस नोंद झाली, तर त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे केस नोंद झाल्या दिवसापासून ६ महिने लायसन्स निलंबित, कोर्टाचा निकाल लागायची वाटसुद्धा बघत नाहीत. आज एक दिवस वाचवायला जाल आणि उद्या पोटावर येईल. शिवाय तो मुलगा भरपाईसाठी दावा घालेल तेव्हा तुमची ही कबुली तिथे पुरावा म्हणून येऊ शकते. चूक खरोखर कोणाची होती, रस्ता कसा होता, स्कूटर कुठल्या बाजूने आली, पंचनाम्यात काय लिहिलंय, हे वकिलाने बघितल्याशिवाय कबुली देऊ नका.

वकिलाला पैसे नाहीत म्हणता, तर १५१०० ला फोन करा, उत्पन्न मर्यादेत बसलं तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, तो तुमचा हक्क आहे. मुलगा आपणहून मिटवायला तयार असेल तर १२५(ब) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, २८१ तसं मिटत नाही, त्यासाठी पर्वरीला हायकोर्टात अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असं मी सांगणार नाही. त्याच्या घरी विचारपूस करायला जा, माणुसकी आहे ती, पण केस मागे घे म्हणून मागे लागू नका, उलट अंगावर येईल.

लायसन्सचं. पोलिसांनी जी पावती दिली ती घरात शोधा आणि नीट वाचा, कुठलं कलम लिहिलंय ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये दोन प्रकार आहेत. एका प्रकारात ती पावतीच लायसन्सच्या जागी चालते, लायसन्स परत मिळेपर्यंत तुम्ही गाडी चालवू शकता. दुसरा प्रकार २०६(४), २०१९ च्या दुरुस्तीने आलेला, धोकादायक ड्रायव्हिंगसारख्या गुन्ह्यात लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. दुसरा असेल तर मित्राच्या गाडीवर बदली म्हणून एक खेपसुद्धा मारू नका, परत काही झालं तर इन्शुरन्स कंपनी हात वर करेल आणि सगळं तुमच्यावर आणि त्या मालकावर येईल. आरटीओला लायसन्स रद्द करायचं किंवा काही काळ बंद ठेवायचं असेल तर आधी तुमचं ऐकून घ्यावं लागतं, ऑर्डर कारणांसकट लेखी द्यावी लागते, आणि ऑर्डरवर ३० दिवसांत अपील आहे. तर आरटीओत जाऊन लेखी अर्ज द्या की माझं लायसन्स कुठे आहे, कारवाई चालू आहे का, आणि अर्जाच्या कॉपीवर आवकचा शिक्का घ्या. लायसन्सवरच्या ट्रान्सपोर्टची, म्हणजे धंद्याची गाडी चालवायच्या परवानगीची, मुदतही बघून घ्या, ती ५ वर्षांची असते, संपून एक वर्ष उलटलं तर परत टेस्ट द्यावी लागते.

नवीन मालकाला सांगायचं की नाही? सांगा. लपवलंत आणि पहिल्या समन्सला हातात कागद आला की त्या दिवशी काम जाईल. पण सांगताना रडत सांगू नका. मालकाला भीती असते इन्शुरन्सची. त्याला सरळ सांगा की पॉलिसीत अट असते ती ड्रायव्हरकडे त्या गाडीचं चालू लायसन्स असावं आणि त्याला अपात्र ठरवलेलं नसावं, केस चालू आहे एवढ्याने ती अट मोडत नाही. एफआयआर, लायसन्सचं परिवहनच्या साइटवरचं स्टेटस, आणि जुन्या कामाचा काही पुरावा, पगाराची बँक एंट्री किंवा खेपांच्या चिठ्ठ्या, हे एका फाइलमध्ये घालून न्या. फॉर्ममध्ये "शिक्षा झाली आहे का" विचारलं तर नाही, "केस प्रलंबित आहे का" विचारलं तर होय, दोन्ही प्रश्न वेगळे आहेत ते नीट वाचून लिहा. कदंबासारख्या सरकारी बस महामंडळात अर्ज करणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की उमेदवाराने अटक, केस, शिक्षा यांची माहिती खरी द्यायची, दडवायची नाही.

राहिला अडवलेला पगार, याचा मला रागच आला. ड्रायव्हरच्या चुकीने नुकसान झालं असं मालकाला म्हणायचं असेल तर आधी तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि तरीही एकूण कपात पगाराच्या अर्ध्यावर जाऊ शकत नाही, पूर्ण पगार दाबून ठेवणं तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. कामावरून काढलं की दोन कामाच्या दिवसांत हिशोब द्यायचा असतो. पणजीला पाट्टोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार द्या. मालकाचं व्हॉट्सॲपवर आलेलं "गाडीचा खर्च वसूल होईपर्यंत पगार नाही" हे वाक्य तुम्ही मला पाठवलंत ते डिलीट करू नका, त्याची प्रिंट काढून तक्रारीला जोडा, आणि ही तक्रार कोर्टाच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात द्या.