परसातल्या बिंबल्या (छोटी, रसाळ, आंबट फळं) आणि मिरच्यांच्या लोणच्याला पावसात बुरशी येते. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाणीच नडतं. कोकणातली हवा पावसात इतकी दमट असते की धुतलेली मिरची वरून कोरडी वाटली तरी देठाशी ओल राहते. म्हणून आधी धुवा, पुसा, पंख्याखाली सुकवा आणि मगच देठ काढा. बिंबलीत तर नुसतं पाणीच. चिरून मीठ लावा, रात्रभर ठेवा, सकाळी सुटलेलं पाणी निथळून काढा. (ते टाकू नका, माशाच्या कालवणात आंबटपणाला छान लागतं; फक्त मग वरून मीठ बेतानं घाला.) फोडी उन्हात सुरकुतेपर्यंत वाळवा.

किलोभर फोडींना साधारण 150 ग्रॅम मीठ हवंच. तब्येतीसाठी मीठ कमी करायचं असेल तर लोणचं थोडंच घाला आणि फ्रिजात ठेवा. मोहरीची डाळ, मेथी, हळद, हिंग नेहमीप्रमाणे. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करा आणि फोडींवर बोटभर उभं राहील इतकं ओता. माझ्या मते लोक इथेच हात आखडतात. तेलाबाहेर राहिलेली फोड आधी बुरसते.

चिनीमातीची बरणी उन्हात तापवून घ्या, चमचा कोरडाच वापरा. बुरशी आलेलं लोणचं मात्र वरचा थर काढून खाऊ नका, सगळं टाका.