शब्दचर्चा : ‘फीडफॉरवर्ड’ला काय म्हणावं?

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रणशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न आहे. डिस्टर्बन्सची, म्हणजे बाहेरून येऊन प्रणालीची घडी विस्कटणाऱ्या बदलांची, आधी मिळालेली माहिती वापरणाऱ्या नियंत्रण प्रणालींवर त्या मराठीत टिपण लिहीत आहेत. परिणाम दिसल्यावर दुरुस्ती करणाऱ्या फीडबॅकला ‘प्रत्याभरण’ म्हणतात, मग परिणाम दिसण्याआधीच पाऊल उचलणाऱ्या फीडफॉरवर्डला ‘अग्राभरण’ म्हणावं का? की सरळ ‘आगाऊ नियंत्रण’? आणि डिस्टर्बन्सला ‘अडथळा’ चालेल का?

‘आगाऊ नियंत्रण’ आधी निकालात काढू. आगाऊ रक्कम, आगाऊ आरक्षण इथपर्यंत ठीक. पण वर्गात ‘हा आगाऊ नियंत्रक आहे’ म्हणालात, तर शेवटच्या बाकावरून कोणाकडे बोटं दाखवली जातील हे तुम्हांला मी सांगायला नको. ‘अग्राभरण’ची अडचण निराळी. आभरण म्हणजे दागिना. ‘प्रत्याभरण’मध्ये ‘प्रत्या’ एकत्र उच्चारला जात असल्यामुळे तो दागिना लपतो, ‘अग्राभरण’मध्ये मात्र नाकाच्या शेंड्यावरची नथ डोळ्यांपुढे येते. मधला ‘आ’ काढून ‘अग्रभरण’ करा. जुन्या शास्त्रीय लेखनात फीडबॅकला ‘पुनःप्रदाय’ही म्हटलेलं आढळतं आणि त्याच्या जोडीला ‘अग्रप्रदाय’ शोभेल. पण बी.एड.च्या वर्गांमुळे प्रत्याभरण रुळलं आहे, तर त्याच कुळातला शब्द घ्यावा.

‘अडथळा’ मात्र नको. अडथळा वाटेत येतो आणि थांबवतो. डिस्टर्बन्स थांबवतोच असं नाही. भोसरीतल्या एखाद्या कारखान्यात संध्याकाळी दोन यंत्रं बंद झाली आणि वाफेची मागणी एकदम उतरली, तर बॉयलरच्या दृष्टीने तोही डिस्टर्बन्सच, पण त्याला अडथळा कोण म्हणेल? ‘व्यत्यय’ ऐकून वीज गेल्यासारखं वाटतं. ‘विक्षोभ’ बरा. ‘पश्चिमी विक्षोभा’च्या बातम्यांमुळे तो कानांना परका राहिलेला नाही.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते एकच शब्द सगळ्याला पुरवायचा प्रयत्न करू नये, कारण ‘आधी मिळालेली माहिती’ ही एक गोष्ट नाही. हातात नेमकं काय आहे, हे शब्दाने सांगायला हवं.

बॉयलरचंच घ्या. ड्रममधल्या पाण्याची पातळी ठरावीक ठेवायची आहे. वाफेची मागणी अचानक वाढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं, दिसतं मात्र वाढलेलं! फक्त पातळीकडे पाहणारा नियंत्रक अशा वेळी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला धावतो, म्हणजे नेमकं उलटं करतो. म्हणून वाफेचा प्रवाह वेगळा मोजतात आणि जितकी वाफ बाहेर गेली तितकं पाणी आत सोडा, असा हुकूम पातळीची वाट न पाहता देतात. पातळी, वाफ आणि पाणी अशी तीन मापं वापरतात म्हणून कारखान्यात याला ‘थ्री एलिमेंट’ म्हणतात. यात भविष्यकथन काहीच नाही. विक्षोभ येऊन ठेपलेला आहे, त्याचा परिणाम दिसायचा आहे, एवढंच. हे अग्रभरण.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाची गोष्ट एक पायरी पुढची. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या वरच्या धरणांची मिळून साठवण २७ टीएमसीच्या वर, आणि त्यांच्या खाली खडकवासला जेमतेम २ टीएमसीचा. वरून सोडलेलं पाणी इथे फार काळ धरून ठेवता येत नाही. खडकवासल्याची पातळी चढल्यावरच दरवाजे उघडायचे ठरवलं, तर ते प्रत्याभरण. पानशेतचा विसर्ग आणि पाणलोटात पडलेला पाऊस मोजून दरवाजे उघडले, तर ते अग्रभरण. उद्या घाटमाथ्यावर मोठा पाऊस आहे असा हवामान खात्याचा अंदाज बघून आजच जागा करायला घेतली, तर मात्र वेगळं नाव हवं, कारण विक्षोभ अजून आलेलाच नाही. इंग्रजीत त्याला प्रीव्ह्यू कंट्रोल म्हणतात. मी ‘पूर्वदर्शी नियंत्रण’ म्हणेन. नुसतं ‘पूर्वनियंत्रण’ नको, ते ‘पूर्वीचं नियंत्रण’ असं वाचलं जातं. २०१३च्या मर्सिडीज एस-क्लासमधला कॅमेरा पुढचा सुमारे १५ मीटर रस्ता वाचून सस्पेन्शन तयार ठेवत असे. ताशी ५४ किलोमीटर वेगाला ही एका सेकंदाची पूर्वदृष्टी झाली. (आपल्याकडच्या रंग उडालेल्या गतिरोधकांपुढे ती किती टिकेल, ही चर्चा वेगळी.)

तिसरा प्रकार टिपणात विसरू नका. कधी कधी विक्षोभ केव्हा येणार आणि केवढा येणार हे ठाऊक नसतं, पण त्याचं रूप ठाऊक असतं. विजेच्या तारांतून घुसणारी ५० हर्ट्झची घरघर हे त्याचं उदाहरण. फ्रान्सिस आणि वॉनहॅम यांनी १९७६ साली मांडलेलं तत्त्व असं की, असा विक्षोभ पुरता पुसायचा तर त्याच रूपाची प्रतिकृती नियंत्रकाच्या आत असावी लागते. याला ‘अंतर्गत प्रतिकृतीचं तत्त्व’ म्हणा. अग्रभरण म्हणू नका, कारण इथे विक्षोभ मोजलेलाच नसतो. काम प्रत्याभरणच करतं, फक्त काय शोधायचं ते त्याला आधी शिकवलेलं असतं.

‘अग्र’ आणि ‘प्रति’ एकमेकांचे पर्याय आहेत असा समज मात्र होऊ देऊ नका. वाफेचा मापक थोडा जरी चुकीचा दाखवत असेल, तर नुसत्या अग्रभरणावर ड्रम हळूहळू रिकामा होईल किंवा भरून वाहील, आणि ते नियंत्रकाला कळणारही नाही. अमेरिकन अभियंता हॅरल्ड ब्लॅक याने १९२३ साली आधी अग्रभरणाचा ॲम्प्लिफायर बनवला होता. पण त्याची जुळणी पुन्हा पुन्हा करत बसावी लागे. ऑगस्ट १९२७ मध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याला ऋण प्रत्याभरण (बाहेर पडणाऱ्या संकेताचा अंश उलटा करून परत आत देणं) सुचलं, ते यानंतर. दोन्ही एकत्र वापरतात तिथे ‘अग्र-प्रत्याभरण’ अशी जोडाक्षरी कसरत नको. ‘अग्रभरणासह प्रत्याभरण’ म्हटलं की भागतं.

व्याकरणाचं थोडक्यात : अग्रभरण नपुंसकलिंगी, क्रियापद ‘देणे’. कारखान्यातले लोक ‘स्टीम फ्लोचं फीडफॉरवर्ड दिलंय’ असंच बोलतात, त्यामुळे ‘वाफेच्या प्रवाहाचं अग्रभरण दिलं आहे’ हे वाक्य त्यांना अडणार नाही. ‘अग्रभरित’ असं विशेषण पाडायचा मोह होईल. तो आवरा आणि ‘अग्रभरणाचा नियंत्रक’ लिहा.