घरच्या फाइल सर्व्हरला कुठली ओएस आणि कुठली फाइलसिस्टीम घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की चौथ्या जनरेशनचा आय३ पीसी आहे, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क, घर सांगलीत गावभागात, आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, शेतीचे स्कॅन केलेले कागद, मुलांचे व्हिडिओ एका जागी आणायचेत. विंडोज १० तसंच ठेवू, ट्रूनॅस (फाइल सर्व्हरसाठीच बनवलेली ओएस) टाकू का उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, झेडएफएस घेऊ का बीटीआरएफएस, असा प्रश्न. मीपण सांगलीचाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विंडोजचं आधी संपवू. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. सोडा ते.

ओएसच्या आधी फाइलसिस्टीम ठरवा. माझ्या मावसभावाचा विश्रामबागला फोटो स्टुडिओ आहे, त्याच्याकडं एक कुटुंब जुन्या लग्नाचे फोटो परत प्रिंट करायला आलं, उघडून बघतोय तर बऱ्याच फोटोंचा खालचा भाग नुसता करडा. बॅकअपची डिस्क लावली तर तिथंही तेच, कारण फाइल बिघडली होती आणि बिघडलेलीच फाइल कॉपी होत गेली, मधे कुणीच काही बोललं नाही, ना डिस्क ना कॉम्प्युटर. त्या घरातली काही माणसं आता नाहीत, फोटो तेवढेच होते. हे बघितल्यापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, डेटाचा चेकसम (डेटा बदलला का ते ओळखायला त्यावरून काढलेला आकडा) ठेवणारी फाइलसिस्टीमच घ्या. विंडोजची एनटीएफएस फाइलच्या आतल्या डेटाचा चेकसम ठेवत नाही, लिनक्सची नेहमीची एक्स्ट४ मेटाडेटाचा (फाइलीचं नाव, तारीख वगैरे माहितीचा) ठेवते पण तुमच्या फोटोचा नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक ब्लॉकचा ठेवतात, वाचताना दरवेळी जुळवून बघतात, आणि दोन डिस्कचा मिरर (दोन्हीवर तोच डेटा) असेल तर दुसरीकडची चांगली प्रत घेऊन खराब ब्लॉक आपोआप दुरुस्त करतात. एकच डिस्क असेल तर बिघाड फक्त कळतो, दुरुस्त होत नाही. तुमच्याकडं दोन आहेत, मिररच करा, जागा ४ टीबीच मिळेल पण ती भरवशाची.

दोन्हीत मी झेडएफएस घेईन. बीटीआरएफएस २००९ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, दोन डिस्कच्या मिररला चांगलं चालतं, कमी-जास्त साइजच्या डिस्कही सांभाळून घेतं. पण उद्या डिस्क वाढवून रेड ५ (तीन किंवा जास्त डिस्कवर डेटा आणि तो परत काढायची जादा माहिती, म्हणजे पॅरिटी, वाटून ठेवायची पद्धत) करावंसं वाटलं तर तिथं त्याची बाजू कच्ची आहे, लिहिता लिहिता लाइट गेली तर डेटा आणि पॅरिटी जुळत नाही आणि त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये ते महत्त्वाच्या कामाला वापरू नका म्हणून लिहिलंय. आपल्याकडं वळवाच्या पावसात लाइट कशी जाते तुम्हाला माहीतच आहे.

१ टीबीला १ जीबी रॅम लागतेच असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, घरच्या फाइल शेअरिंगला ८ जीबीत भागतं, फक्त डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवायची सोय) चालू करू नका. ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) असली तर उत्तमच, पण नाही म्हणून झेडएफएस सोडायचं कारण नाही.

आता ओएस. ट्रूनॅसला कमीत कमी ८ जीबी लागते म्हणजे तुम्ही अगदी काठावर, आणि ज्या डिस्कवर ते टाकाल ती अख्खी स्वतःकडं ठेवतं, त्यावर डेटा ठेवता येत नाही. कमांड लाइनची भीती असती तर तरी तेच घ्या म्हटलं असतं कारण सगळं ब्राउझरमधून होतं. पण तुम्ही लॅपटॉपवर उबुंटू वापरता म्हणताय, मग उबुंटू सर्व्हरचं एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन) घ्या, छोट्या एसएसडीवर टाका, वर सांबा, म्हणजे घरातल्या बाकी कॉम्प्युटरना फाइली दाखवणारं सॉफ्टवेअर. उबुंटूत झेडएफएसचं मॉड्यूल कर्नलबरोबर तयार येतं, डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये लायसन्सच्या भानगडीमुळं प्रत्येक कर्नल अपडेटला ते मशीनवर नव्यानं कंपाइल व्हावं लागतं. पूल, म्हणजे झेडएफएसनं एकत्र केलेल्या डिस्कचा गट, करताना अ‍ॅशिफ्ट १२ द्या (डिस्कच्या ४ केबी सेक्टरशी जुळणारं सेटिंग), नंतर बदलता येत नाही, आणि डिस्क बाय-आयडी नावानं, म्हणजे मॉडेल-सिरियल नंबरवरच्या कायम नावानं, जोडा. महिन्यातनं एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसम तपासणं) चालतोय ना तेवढं बघत जा.

आणि हे सगळं करूनही पुराचं काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे, गावभागात काय झालं ते तुम्ही बघितलंय. मिररच्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात, स्नॅपशॉटही (फाइलींच्या जुन्या स्थितीच्या नोंदी) त्याच डब्यात, पाणी आलं की सगळं एकदमच जाणार. म्हणून मशीन वरच्या मजल्यावर ठेवा, आणि तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन नदीपासनं लांब, विट्याला नाहीतर जतला कुणी पाहुणे असतील त्यांच्याकडं ठेवा, सणावाराला जाता-येता बदलत राहा. ही तिसरी डिस्क मी मुद्दाम एनटीएफएस ठेवतो, सोबत फाइलींच्या एसएचए२५६ ची (हा एक प्रकारचा चेकसम) यादी. झेडएफएसची डिस्क विंडोजला जोडली तर काही दिसत नाही, आणि उद्या आपण नसलो तरी घरच्यांना कुठल्याही कॉम्प्युटरवर फोटो उघडता आले पाहिजेत.

यूपीएस घ्याच, यूएसबी पोर्टवाला, म्हणजे बॅटरी संपत आली की नट नावाचं सॉफ्टवेअर सर्व्हर नीट बंद करतं. आणि पूल करायच्या आधी दोन्ही डिस्कचे मॉडेल नंबर इथं टाका, एसएमआरवाल्या (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणून लिहायला हळू) निघाल्या तर दुकानात आत्ताच बदलून घ्या, कारण एक डिस्क गेल्यावर तसली नवी डिस्क परत भरायला झेडएफएसला फार वेळ लागतो.