तीच जागा, तीच वेळ

या वेळच्या पत्रांपैकी बरीच एकाच सुरातली होती: शहरातल्या रोजच्या धावपळीत मन रमावं असं काही उरलं आहे का? त्यातली काही इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते, मी मानसतज्ज्ञ नाही. मी हवामान निरीक्षक होते. नोकरीभर आकाश पाहिलं आणि वहीत आकडे लिहिले. उत्तरं त्याच सवयीतून येतील.

ताई, सकाळी तीच गाडी, तोच डबा, तीच माणसं. संध्याकाळी सगळं उलट्या क्रमाने. जो तो सांगतो, 'छोट्या गोष्टींत आनंद शोध.' शोधायचा म्हणजे नक्की करायचं काय? मला तर लांब कुठेतरी निघून जाणं हा एकच उपाय दिसतो.
– रोजची प्रवासी

लांब जायला मिळत असेल तर जरूर जा. पण 'तेच ते' या तक्रारीवर तुमच्याशी थोडं भांडणार आहे, कारण माझी सगळी नोकरी 'तेच ते' करण्यातच गेली.

हवामानाची निरीक्षणं जगभर ठरलेल्या वेळी, दर तीन तासांनी घेतात. जागा तीच, उपकरणं त्याच उंचीवर, नोंदीचा क्रमही ठरलेला. निरीक्षक आज इथे आणि उद्या तिथे उभा राहिला, तर दिसलेला फरक हवेतला की जागेतला, हे कसं कळणार? बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं की जेवढं हललं तेवढंच उठून दिसतं. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग पाडायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकले आहेत ते लिहायचं, हे आमचं एक काम. नवी मुलं सुरुवातीला जाम कंटाळायची. पुढे कधीतरी तीच आपणहून म्हणायची, 'काल या वेळेला त्या बाजूला असले पिंजलेले ढग नव्हते.' तिथून पुढे त्यांना ढकलावं लागायचं नाही.

तुम्हाला ही सोय आयती मिळाली आहे. तीच खिडकी, तीच वेळ. सगळा प्रवास निरखायला जाऊ नका, दोन दिवसांत दमाल. एकच गोष्ट धरा. दोन स्थानकांमधलं एखादं झाड. बांधकाम चालू असलेली इमारत, जिचा मजला चढताना दिसेल. किंवा चंद्र. संध्याकाळची गाडी तिन्हीसांजेची असेल तर अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी पश्चिमेला कोर दिसेल. मग रोज त्याच वेळी चंद्र आधीच्या दिवसापेक्षा पूर्वेकडे सरकलेला आणि जरा भरलेला असेल. पौर्णिमेला तो सूर्य मावळायच्या सुमाराला समोरून उगवतो, आणि पुढच्या संध्याकाळी त्या वेळी दिसतच नाही, कारण त्याचं उगवणं दिवसाला सरासरी पन्नास मिनिटांनी लांबतं. हे सगळं तुमच्या डोक्यावरून रोज चाललेलं असतं. वेळेला बांधलेल्या माणसालाच ते नीट कळतं. वाटेल तेव्हा वर बघणाऱ्याला नाही.

लांबच्या सहलीबद्दलही एक सांगते. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॉटरी लागलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं मोजकीच होती, अवघी २२, तेव्हा त्यावर मोठी इमारत बांधू नये. ही माणसं इतरांपेक्षा फारशी सुखी निघाली नाहीत, याची चर्चा खूप झाली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते: रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतून मिळणारा आनंद त्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता. मोठं सुख आलं आणि लहानांना फिकं करून गेलं. लांबच्या सहलीचंही तसं होऊ शकतं.

ढगांना आज आपण ज्या पद्धतीने नावं देतो, ती पद्धत कुणा डोंगरातल्या साधूने शोधलेली नाही. लंडनमध्ये औषधी रसायनांच्या धंद्यात असलेल्या ल्यूक हॉवर्ड या गृहस्थाने १८०२ च्या डिसेंबरात एका छोट्या मंडळापुढे ती मांडली. हवामान हा त्याचा धंदा नव्हता, छंद होता. शहराची हवा आसपासच्या गावांपेक्षा उबदार असते, हेही त्यानेच नोंदी ठेवून दाखवलं. धुरकट शहर, पोटापाण्याचा उद्योग आणि वर आकाश. तुमच्यापेक्षा फार वेगळी परिस्थिती नव्हती त्याची.

रोज रात्री झोपण्यापूर्वी 'आजच्या तीन चांगल्या गोष्टी' लिहायच्या, असं एका व्याख्यानात ऐकलं. पहिले काही दिवस छान वाटलं. आता शाळेचा गृहपाठ उरकल्यासारखं लिहितो. माझ्यातच काही कमी आहे का?
– वहीवाला

तुमच्यात काही कमी नाही. रोज लिहायचा हट्ट जास्त झाला, एवढंच. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर हेच करून पाहिलं आणि २००५ मध्ये मांडलं. सहा आठवडे एका गटाने आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टींची उजळणी केली, दुसऱ्याने तीनदा. समाधान वाढलं ते एकदावाल्यांचं. तीनदा करणाऱ्यांच्या पदरात फारसं पडलं नाही.

तेव्हा आठवड्याचा एक वार ठरवा आणि बाकीचे दिवस वही बंद ठेवा. एक सूचना माझ्या धंद्यातली: 'कुटुंब', 'आरोग्य', 'मित्र' असे शब्द लिहू नका. ते दर आठवड्याला खरेच असतात, म्हणून त्यांत काही दिसत नाही. वार, वेळ, जागा आणि काय घडलं ते लिहा. 'मंगळवार, जिन्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या बाळाने माझं बोट सोडलं नाही.' अशी नोंद वर्षानेही वाचावीशी वाटते. 'आरोग्य' वाचून काय आठवणार आहे? आणि एखाद्या आठवड्यात काहीच नसेल तर पान कोरं ठेवा. न पाहिलेल्या वेळेचा आकडा अंदाजाने भरायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम.

माझ्या एकुलत्या एका खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. हात लांब केला तर जवळजवळ लागेल. आता सांगा, इथे कसला चंद्र आणि कसला ढग?
– भिंतीसमोरची

भिंतीची बाजू घेऊन खोटं बोलणार नाही. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास अगदी तुमच्यासारख्या खिडकीबद्दलच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. त्यामुळे घर बदलायची संधी आली तर भाड्याच्या आकड्याबरोबर खिडकीही बघा, आणि तोवर दिवसातला थोडा वेळ झाडाखाली काढा.

पण भिंत अगदीच मुकी नसते. तिच्यावर ऊन येतं का? येत असेल तर ठरलेल्या वेळी सावलीची कड कुठे आहे ते हेरा. एखादी भेग, पाइपाचा जोड, रंगाचा डाग, काहीही खूण चालेल. महिन्याभराने त्याच वेळी पाहा. कड सरकलेली असेल. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे आपण शाळेत पाठ केलं. तुमच्या भिंतीवर ते दिसतं. जून आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ही कड जवळजवळ थांबते आणि मग परत फिरते. त्या दिवसांत रोज बघायला जाल तर निराश व्हाल. मार्च आणि सप्टेंबरात मात्र ती चांगली पळते.

खिडकीतून नुसतं दिसतं असंही नाही. वळवाच्या पहिल्या सरीला येणारा वास तुमच्या भिंतीआडही पोचतो. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, आणि माणसाच्या नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही कळतं. थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास हवेत उधळतात. हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपून २०१५ मध्ये दाखवलं. धो धो पावसापेक्षा हलक्या-मध्यम सरीत हे उधळणं जास्त होतं. म्हणून सर मोठी व्हायची वाट पाहू नका, पहिल्या थेंबांना खिडकी उघडा.

नव्या शहरात एकटा राहतो. दिवसभरात कामाव्यतिरिक्त एक वाक्यही कुणाशी बोलत नाही. प्रवासात शेजारच्याशी बोलावंसं वाटतं, पण त्याला त्रास होईल म्हणून गप्प बसतो.
– नवखा

तुमच्यासारखाच अंदाज शिकागोच्या प्रवाशांनीही बांधला होता. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रेल्वे आणि बसमधल्या काहींना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना एकटं बसायला, काहींना नेहमीसारखंच वागायला. आधी विचारलं तेव्हा लोकांना वाटत होतं की एकटं बसणंच बरं. प्रत्यक्षात ज्यांनी गप्पा मारल्या त्यांचा प्रवास सर्वांत चांगला झाला. हा अभ्यास २०१४ चा. त्याच वर्षी जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी दाखवलं की नुसत्या तोंडओळखीच्या माणसांशी ज्या दिवशी जास्त बोलणं होतं, तो दिवस माणसाला बरा जातो.

तरी कानात इअरफोन घातलेल्या, डोळे मिटलेल्या माणसाला हात लावून उठवू नका म्हणजे झालं. आणि एकट्या बाईशी बोलायला जाताना ती 'नाही' म्हणते आहे की काय, ते तिच्या चेहऱ्यावर आधी वाचा. सुरुवात रखवालदारापासून, लिफ्टमधल्या शेजाऱ्यापासून करा. रोज भेटणाऱ्याशी एक वाक्य. पुढच्या वेळी त्या वाक्याला जोडून दुसरं. हवेबद्दल बोलायला संकोचू नका, लोक उगीच त्या विषयाला नावं ठेवतात.

तुमचे ढग, चंद्र, वास हे सगळं पोट भरलेल्यांचं आहे. घराचे हप्ते, आजारी वडील, नोकरीची टांगती तलवार. यावर 'छोटा आनंद' म्हणजे जखमेवर फुंकर नाही का?
– स्पष्टच लिहितो

लिहा की. आनंद शोधा असं सांगून लोकांची खरी अडचण त्यांच्याच माथी मारली जाते, हे मीही पाहते आणि मला ते आवडत नाही. निरीक्षणाने पाऊस थांबत नाही. हप्ता भरायचा तो भरावाच लागतो, आणि वडिलांच्या आजारपणात तुम्हाला हवी असेल ती दुसऱ्या माणसाची मदत, ढग नाही. भावंडं असतील तर वेळेची वाटणी मागा, स्पष्ट मागा.

पण फुंकरीला इतकं हलकं का समजता? वडिलांच्या खाटेशेजारी बसलेल्या माणसाने दहा मिनिटं खिडकीबाहेर पाहिलं, तर त्याने वडिलांचा कोणताही हक्क हिरावलेला नसतो.

आता महत्त्वाचं. आमच्या नोंदीत ८ म्हणजे आकाश पूर्ण झाकलेलं. त्यापुढे ९ हाही आकडा आहे: धुक्यात वगैरे आकाश दिसतच नाही, तेव्हाचा. तुमचं पत्र ८ चं असेल तर वरचं सगळं बोलणं लागू आहे. पण पूर्वी आवडणाऱ्या कशातच काही वाटेनासं झालं असेल, झोप-भूक बिघडली असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चाललं असेल, तर माझं सदर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तो उदासपणाचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही मोजू नका, आजच कुणाला तरी सांगा.

सूर्यास्त दिसला की मी आधी फोन काढते. बहीण म्हणते, 'तू बघत काही नाहीस, नुसते फोटो काढतेस.' कुणाचं खरं?
– फोटोवाली

थोडं तुमचं. क्रिस्टिन डील आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात फोटो काढणाऱ्यांना चांगल्या अनुभवाची मजा बहुधा जास्तच आली, कारण चौकट शोधताना माणूस नीट बघतो. थोडं बहिणीचंही: त्याच गटातल्या संशोधकांनी पुढे दाखवलं की फोटो दुसऱ्यांना दाखवण्यासाठी काढायचा म्हटलं की मजा उणावते, कारण आपण कसे दिसू याची काळजी मधे येते. तेव्हा काढा, पाठवायचा असेल तर घरी जाऊन पाठवा.

आणि सूर्य बुडाला की लगेच पाठ फिरवू नका. खालचे ढग आधी करडे होतात, पण उंचावरच्या पिंजलेल्या ढगांना क्षितिजाखालच्या सूर्याचा उजेड आणखी काही वेळ मिळत राहतो. चांगला रंग पुष्कळदा तेव्हा येतो, गर्दी निघून गेल्यावर.