काजूच्या बागेचं जुनं काटेरी कुंपण काढून तार कशी गुंडाळावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली आजोळची काजूची बाग तुमच्याकडे आली आहे. भोवतीची काटेरी तार जुनी आहे, कुठे ताठ तर कुठे गवतात लोळलेली. नवं कुंपण घालण्याआधी ती काढायची कशी, आणि गड्यांना ‘तोडा नि कडेला टाका’ सांगितलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, अजिबात चालणार नाही. गाय गवत जिभेने ओढून घेते आणि फारसं न चावता गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. गवताबरोबर बोटभर लांबीची तार गेली तरी तिला कळत नाही. जड वस्तू तिच्या जाळीदार पोटात जाऊन बसते. हे पोट छातीच्या पडद्याला लागून असतं आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. पोट आकसलं की तारेचं टोक पुढे सरकतं. गाय चारा सोडते, दूध एकदम कमी होतं, पाठ कमानीसारखी करून उभी राहते आणि पुढे गळ्याखाली सूज येते. सूज दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आपल्याकडे भातकापणीनंतर गुरं मोकळी चरतात. शिवाय डिचोली-सत्तरीच्या बागांत गवेही उतरतात, आणि गवा हाही रवंथ करणाराच प्राणी. म्हणून मी या कामाकडे असं बघतो: तार खांबावरून सुटली म्हणजे काम अर्धं झालं. तिचा शेवटचा तुकडा बागेबाहेर गेला की पुरं.

कामाला डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळी गवत वाळलेलं असतं, बोंडू पडायच्या आधी काजूखालची साफसफाई तशीही करायची असते, ती आणि हे काम एकत्र उरकतं. मार्च-एप्रिलवर ढकलू नका. तेव्हा बिया गोळा करायची धावपळ असते आणि रान पेटायला एक ठिणगी पुरते. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी आठवत असतील. त्याच कारणासाठी तार तोडायला ग्राइंडर बागेत आणूच नका. लांब दांड्याचा बोल्ट कटर आणि चांगली पक्कड एवढं पुरतं.

हात घालण्यापूर्वी एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा सरकारी कागद) आणि सर्व्हे प्लॅन काढून ठेवा, शेजाऱ्याला सांगा आणि त्याच्यासोबत मेरेवरून एकदा चालून या. वर्षानुवर्षं तीच तार हद्द म्हणून धरलेली असते. ती गेल्यावर ‘खांब इथे होता की तिथे’ यावरून नाती बिघडतात. कोपऱ्यांचे खांब नवं कुंपण होईपर्यंत जागेवर राहू द्या आणि सगळ्या बाजूंचे फोटो काढा. कुठे सौरकुंपणाची किंवा विजेची तार जुन्या तारेला टेकलेली नाही ना, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

चामड्याचे जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गमबूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. सुती हातमोज्यांतून काटा आरपार जातो. गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, चिऱ्यांत फुरसं आणि पाचोळ्यात घोणस असू शकते, म्हणून लोळलेली तार हाताने उचलण्याआधी काठीने हलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेलं नसेल तर आधी घ्या. लोक गंजाला दोष देतात, पण धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. तार फक्त त्यांना खोल जखमेत पोचवते.

आता मुख्य काम. कोयत्याने वेली आणि झुडपं तारेपासून मोकळी करा, नाहीतर गुंडाळताना दर हातावर अडकाल. मग ताण सोडवा. मधल्या खांबांवरच्या बांधणीच्या तारा किंवा यू खिळे आधी काढायचे नाहीत, कारण तार तुटल्यावर तिला झेप घेऊ न देण्याचं काम तेच करतात. शेवटच्या खांबाला अगदी लागून तोडा. खांब तुमच्या आणि तारेच्या मध्ये राहील असे उभे राहा, आणि तारेच्या रेषेत दुसरं कुणी नको. तार मागे सरकून ढिली पडली की मग एकेक बांधणी सोडवत जा. सुटलेली प्रत्येक बांधणी आणि खिळा कमरेच्या डब्यात टाका. एका वेळी एकच तार खाली घ्या. तिन्ही-चारी एकदम पाडल्या की जो गुंता होतो, तो सोडवण्यात दिवस जातो.

गुंडाळताना तार आपल्याकडे ओढायची नाही, आपण तारेकडे जायचं. ओढली की ती गवत, काटक्या, दगड सगळं घेऊन येते आणि टोक उसळलं तर थेट तोंडाकडे. सुरुवातीला दोन-अडीच फूट व्यासाचं कडं करा, टोक त्यालाच दोन-तीन पीळ देऊन अडकवा, आणि ते उभं धरून चाकासारखं तारेवरून पुढे लोटत न्या. दर फेऱ्याला वेटोळं थोडं डावीउजवीकडे कलतं करा म्हणजे फेरे एकावर एक न चढता रुंदीत पसरतात आणि काटे एकमेकांत अडकून ते आपोआप घट्ट राहतं. बारा गेजची तार किलोला साधारण सात ते नऊ मीटर भरते. म्हणजे पन्नास मीटरचं वेटोळं सहा-सात किलोचं. तिथेच थांबा, तोडा, चार ठिकाणी बांधा आणि नवीन सुरू करा. मोठं वेटोळं करायचा मोह होतो, पण मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या खोपीपर्यंत, उतारावरून ते न्यायचं असतं.

समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्यात तारेवरचा जस्ताचा थर लवकर जातो, आणि आपल्या पावसात आतल्या बागांतही जुन्या तारेची तीच गत होते. दुमडताच मोडणारी तार गुंडाळायच्या नादाला लागू नका. हातभर तुकडे करून सरळ पत्र्याच्या डब्यात टाका, पोत्यात नको, ते फाटतं. दुमडून सरळ केल्यावरही न मोडणारी तार खालच्या ओळीला किंवा तात्पुरत्या आडोशाला वापरता येईल, मात्र ती पुन्हा ताणून बांधू नका. जाळीचं कुंपण असेल तर ते कापूच नका. जाळीतली एक उभी तार स्क्रूसारखी फिरवून वर काढली की जाळी तिथे दोन भागांत सुटते आणि पुन्हा जोडताही येते.

पांगारा, गिरिपुष्प यांच्या जिवंत खांबांनी तार बुंध्यात गिळलेली असते. ती उपटायला जाऊ नका, झाडाची साल फाटते आणि जखमेतून कीड शिरते. दोन्ही बाजूंनी बुंध्याला लागून तोडा आणि त्या उंचीवर रंगाचा ठळक पट्टा मारा. पुढे कुणी त्या झाडाला करवत लावली, तर आत लोखंड आहे हे त्याला कळायलाच हवं.

सगळं उचलून झालं की जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून कुंपणाच्या रेषेवरून जमिनीलगत फिरवा, खांबांच्या बुडाशी जरा जास्त वेळ. मोडके काटे आणि खिळे तिथेच जास्त सापडतात. मग तार वजनावर भंगारवाल्याला द्या. प्लास्टिकचा थर असलेली जाळी असेल तर तो थर काढायला ती जाळू नका, त्या धुरात आम्ल आणि विषारी वायू असतात. भंगारवाला ती तशीच घेईल, भाव थोडा कमी देईल.