वाचक विचारतात : गेर्निकाचे ‘अ‍ॅस्ट्रा’ पिस्तूल

प्रश्न : माझ्या आजोबांच्या १९५० च्या दशकातील शस्त्रपरवान्यावर ‘पिस्तूल, .३२ बोअर, अ‍ॅस्ट्रा, स्पेन’ अशी नोंद आहे. त्यांच्या निधनानंतर वडिलांनी ते फोर्टमधील एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केले. त्याची पावती घरात सापडली. स्पॅनिश पिस्तुले म्हणजे स्वस्त नकला, असे एका परिचितांचे मत आहे. ते खरे का? गेर्निकावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा हा कारखाना वाचला, हेही खरे का? कंपनी आज आहे का, आणि पावतीचे आम्ही काय करावे?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : आपल्या परिचितांचे मत अर्धेच खरे आहे. स्पेनच्या बास्क प्रांतातील एइबार हे लोहारकामाचे आणि बंदुका घडवणाऱ्यांचे जुने गाव. तेथे १९०८ मध्ये पेद्रो उन्सेता आणि हुआन एस्पेरांसा यांनी भागीदारीत धंदा सुरू केला आणि १९१३ मध्ये कारखाना बास्क भागातीलच गेर्निका गावी हलवला. ‘अ‍ॅस्ट्रा’ ही मुद्रा त्यानंतरची. त्या काळी स्पेनमध्ये परदेशी पेटंटप्रमाणे देशातच उत्पादन झाले नाही, तर ते पेटंट टिकत नसे. त्यामुळे अमेरिकन रचनाकार ब्राउनिंगच्या धर्तीची छोटी पिस्तुले एइबार परिसरात उघडपणे बनत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने यातलीच ‘रुबी’ जातीची पिस्तुले मोठ्या संख्येने मागवली, तेव्हा तर अनेक कारखान्यांनी एकाच नमुन्याची कामे घेतली आणि एकाचे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) दुसऱ्याच्या पिस्तुलात बसेनासे झाले. स्पॅनिश मालाची बदनामी मुख्यतः या काळातली आहे, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

परंतु याच कारखान्याने स्पॅनिश सैन्यासाठी काउंट ऑफ कांपो-हिरो या अधिकाऱ्याने योजलेले पिस्तूल बनवले आणि त्यातूनच पुढे ‘अ‍ॅस्ट्रा ४००’ विकसित झाले, जे सैन्याने १९२१ मध्ये स्वीकारले. त्यात वापरले जाणारे ९ मिलिमीटर लार्गो हे काडतूस जोरकस असते. अशा काडतुसाच्या पिस्तुलात बहुधा गोळी सुटल्यावर नळी आणि स्लाईड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) क्षणभर एकमेकांत अडकून राहतात व दाब उतरला की मगच सुटतात. ‘४००’ मध्ये असे कुलूप नाहीच. जड स्लाईड आणि नळीभोवती बसवलेली अतिशय ताठ स्प्रिंग एवढ्यावरच मागे येणारा धक्का रोखला जातो. भाग कमी, घडण सोपी आणि टिकाऊ. मात्र स्लाईड मागे ओढायला मनगटात बळ लागे. असे धाडस नुसत्या नक्कल करणाऱ्याला सुचत नाही, असे मला वाटते. या नमुन्याची एक लाखाहून अधिक पिस्तुले बनली, आणि स्पेनच्या यादवी युद्धात (१९३६-३९) जनरल फ्रांकोच्या बंडाविरुद्ध लढणाऱ्या प्रजासत्ताकाच्या बाजूच्या कारखान्यांनी उलट त्याचीच नक्कल केली. ‘अ‍ॅस्ट्रा ९००’ बाहेरून हुबेहूब जर्मन माउझर दिसते, चीनमध्ये ते खपलेही त्याच रूपावर. परंतु डाव्या बाजूची पट्टी सरकवून उघडले की आतली रचना वेगळी असल्याचे कळते.

बॉम्बवर्षावाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी फ्रांकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मनीच्या काँडोर या हवाई दलाने आणि इटालियन विमानांनी गेर्निकाचा बहुतांश भाग जाळून टाकला, पण गावातील हा शस्त्र-कारखाना जवळजवळ अभंग राहिला. लष्करी लक्ष्य म्हणून हल्ला केला असा दावा करणाऱ्यांना या गोष्टीचे उत्तर देणे अवघड जाते. काही दिवसांतच गाव फ्रांकोच्या सैन्याच्या ताब्यात गेले. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने जर्मनीला ‘४००’ आणि त्याचीच लहान आवृत्ती ‘३००’ पुरवली, शिवाय खास त्यांच्या ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसासाठी ‘६००’ घडवले. १९४४ मध्ये फ्रान्सची सीमा जर्मनांच्या हातून गेली आणि तो पुरवठा अर्धवट थांबला.

फ्रांकोच्या राजवटीत पिस्तुले बनवण्याची मुभा अ‍ॅस्ट्रा, स्टार आणि ल्यामा या तीनच कंपन्यांना होती. अ‍ॅस्ट्राचे ‘कब’ हे खिशात मावणारे पिस्तूल अमेरिकेत कोल्ट कंपनी ‘ज्युनियर’ नावाने विकत असे. १९६८ च्या अमेरिकन कायद्याने अशा लहान पिस्तुलांची आयात बंद झाली आणि ही मोठी गिऱ्हाइकी तुटली. अखेरच्या वर्षांत स्टारशी हातमिळवणी करूनही धंदा सावरला नाही व १९९७ च्या सुमारास दोन्ही नावे बाजारातून गेली. गेर्निकातील कारखान्याच्या इमारतीत आता सांस्कृतिक केंद्र चालते.

.३२ बोअर म्हणजेच ७.६५ मिलिमीटर. परवान्याचा काळ पाहता आपले पिस्तूल ‘३००’ किंवा त्याच्या पाठोपाठ आलेले ‘३०००’ असण्याचा संभव अधिक; स्लाईडवरील अक्षरे आणि अनुक्रमांक पाहून ते ठरवता येईल. आता पावतीविषयी. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवानाधारकाच्या निधनानंतर वारसांनी शस्त्र जमा करणे बंधनकारक आहे, तेव्हा आपल्या वडिलांनी केले ते योग्यच केले. मात्र जमा केलेले शस्त्र विहित मुदतीत कोणी कायदेशीररीत्या परत घेतले नाही वा परवानाधारकाला विकले नाही, तर ते शासनजमा होऊ शकते. म्हणून प्रथम विक्रेत्याच्या नोंदवहीत ते अद्याप आहे का, याची लेखी विचारणा करावी. असल्यास आपल्या नावे परवान्यासाठी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे अर्ज करावा, अथवा त्याच विक्रेत्यामार्फत ते विकावे. परवाना हाती येईपर्यंत, पाहण्यापुरतेसुद्धा, ते घरी आणू नये.